बुर्गीचं उगाचचं सूप

फालबाखचा रस्ता कधी बंद करायचा हे बुर्गी ठरवते. बुर्गी म्हणजे वाल्बुर्गा, पण तिला पूर्ण नावाने हाक मारणारं पाद्रीबाबांखेरीज कोणी उरलेलं नाही, आणि तेही तिच्या पाठीमागे बुर्गीच म्हणतात. तिच्याकडे थोड्या गायी आहेत, एक कोंबड्यांचं खुराडं आहे, एक फावडं आहे आणि गावातलं सगळ्यात लांब नाक आहे. या नाकाने तिला बर्फाचा वास येतो असं आम्ही बाहेरच्या पाहुण्यांना सांगतो. ते खोटं आहे. नाकाने तिला फक्त दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय ते कळतं. बर्फासाठी ती फावडं वापरते.

मी रोमेड. बर्फ ढकलायची गाडी चालवतो. बुर्गी 'बंद' म्हणाली की रस्त्यावरचं फाटक लावून कुलूप घालायचं आणि 'उघड' म्हणाली की उघडायचं, हे माझं काम. म्हणजे निर्णय तिचा आणि शिव्या मला, कारण गाडीची काच खाली करून ज्याला बोलता येतं तो मी असतो.

गावातून खाली दरीत जाणारा रस्ता एकच, आणि तो एका लांब उघड्या उताराच्या पायथ्याने जातो. त्या उताराला आम्ही आत्याबाई म्हणतो. का, ते ज्यांना आत्या आहे त्यांना सांगायला नको. येणार ते कळवत नाही, आली की घरातलं सगळं जागचं हलवते, आणि वाट बघत बसलात की फिरकत नाही. शहरातलं हवामान खातं रोज सकाळी हिमस्खलनाचा इशारा देतं, एक ते पाच अशा आकड्यांत. पण तो आकडा अख्ख्या डोंगररांगेसाठी असतो. आमची आत्याबाई आज काय करणार हे आमचं आम्हालाच ठरवावं लागतं. त्यासाठी गावाची समिती आहे: बुर्गी प्रमुख, हॉटेलवाला हार्टविग आणि मी सदस्य. सरपंच सही करतात आणि मग कोणाचा फोन घेत नाहीत.

मोठा बर्फ पडला की बुर्गी जंगलाच्या कडेने वर जाते आणि आत्याबाईसारख्याच, पण छोट्या आणि निरुपद्रवी उतारावर खड्डा खणते. खड्ड्याच्या भिंतीत बोटं खुपसत ती एकेक थर चाचपते. कुठे मऊ, कुठे कडक, आणि तळाशी, जिथे थंडीने बर्फाचे सुटे दाणे होतात, तिथे हात घालून म्हणते, "साखर." आमच्याकडे या शब्दाने कोणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. वरचा सगळा जाड थर त्या साखरेवर उभा असतो, आणि साखरेवर कोणी फार वेळ उभं राहत नाही. मग ती बर्फाचा एक खांब चहूबाजूंनी सुटा करते, त्याच्या डोक्यावर फावडं ठेवते आणि थापा मारते. आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून. खांद्याच्या थापांनाही खांब उभा राहिला तर बरं. मनगटालाच घसरला तर ती फावडं उचलते आणि मी जाऊन फाटक लावतो.

रस्त्याला कुलूप लावता येतं, पण स्की घेऊन स्वतःच्या पायांनी डोंगरात चढणाऱ्यांना लावता येत नाही. त्यांच्यासाठी बुर्गी सुट्टीच्या दिवशी पायवाटेच्या तोंडाशी दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवरचं शोधयंत्र चालू आहे का ते बघते. माणूस बर्फाखाली गेला तर त्या यंत्राच्या टकटकीवरूनच बाकीचे त्याला हुडकतात. गावकऱ्यांनाही यातून सुटका नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला ती एका पोत्यात चालू यंत्र आणि धुरावलेल्या मांसाचा मोठा तुकडा घालून ते बर्फात पुरते. ज्याला सापडेल त्याचं मांस. एका वर्षी हार्टविग म्हणाला, बघा आता. तो यंत्र घेऊन गोल गोल फिरत राहिला, कारण फोन त्याने त्याच खिशात ठेवला होता आणि यंत्र पार बावचळलं होतं. तेवढ्यात सरपंचांच्या कुत्र्याने पोतं उकरून काढलं. बुर्गीने कुत्र्याचा पुढचा पाय हातात घेऊन सगळ्यांसमोर त्याचं अभिनंदन केलं. हार्टविग ते विसरलेला नाही. कुत्राही नाही.

आता सूप. रस्ता बंद केला आणि आत्याबाई उतरलीच नाही, तर ज्याने बंद केला त्याने गावाला सूप करून घालायचं, स्वतःच्या हाताने, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. जव, धुरावलेलं मांस, गाजर, कांद्याची पात. याला उगाचचं सूप म्हणतात. हॉलच्या भिंतीवर खिळ्यांना प्रत्येक घराचा वाडगा टांगलेला असतो, त्यावर घराचं नाव रंगवलेलं. रांगेत उभं राहून वाडगा पुढे करायचा आणि सूप करणाऱ्याला एक तरी टोमणा मारायचा, अशी पद्धत. कोणी न बोलता सूप घेतलं तर शेजारी त्याच्या कपाळाला हात लावून बघतात.

बुर्गीच्या आधी समितीचे प्रमुख तिचे वडील होते, अंब्रोसकाका. लाजाळू माणूस, दुकानात गेले तरी दुसऱ्यांना पुढे जाऊ देत देत शेवटी दुकान बंद व्हायचं. एका हिवाळ्यात त्यांच्यावर दोनदा सूप करायची पाळी आली. दुसऱ्या वेळी टोमणे जरा अतीच झाले, कोणीतरी त्यांना झालरीचा एप्रन बांधला आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. पुढचा बर्फ पडला तेव्हा त्यांनी फाटक उघडंच ठेवलं. दूधवाला सेराफिन गाडी घेऊन खाली निघाला. अंब्रोसकाका फाटकापाशी उभे होते. सेराफिनने काच खाली करून विचारलं, जाऊ ना? त्यांनी हात करून सांगितलं, जा. सेराफिन आम्हाला वसंतात सापडला.

त्याचा वाडगा अजून भिंतीवर आहे. तो कोणी वापरत नाही, पण भांडी धुताना तोही धुतात. अंब्रोसकाका त्यानंतर कधी कोणाला हात करताना दिसले नाहीत. चर्चमधून बाहेर पडतानाही हात कोटाच्या खिशात असायचे, आणि मरेपर्यंत ते तिथेच राहिले.

बुर्गीने काम हाती घेतलं तेव्हा सगळ्यात आधी सूप सुधारलं. तिने त्यात सुकी अळंबी घातली, वर चीजचे गोळे सोडले, आणि ते इतकं चवदार केलं की रस्ता उगाच बंद व्हावा असं लोकांना मनातून वाटायला लागलं. टोमणे ती मिटक्या मारत ऐकते, फिका पडला तर म्हणते, परत रांगेत जा आणि बरा घेऊन ये. सूप करायची लाज वाटली की माणूस मरतो, एवढं एकच वाक्य ती या विषयावर गंभीरपणे बोलते, आणि तेही गाजर चिरता चिरता.

हार्टविग वाईट माणूस नाही. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे त्याची बरीच टर उडवणार आहे. त्याचं हॉटेल गावातलं सगळ्यात मोठं, गरम पाण्याच्या तलावासकट. हॉटेलवाल्याचा जीव शनिवारी टांगणीला लागतो, कारण पाहुणे शनिवारी बदलतात. जुने सकाळी निघतात, नवे दुपारी येतात, आणि मधल्या वेळात चादरी. ज्याची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात रस्ता दोनदा बंद झाला आणि दोन्ही वेळा नेमका शनिवारी. दोन्ही वेळा आत्याबाई जागची हलली नाही. दोनदा सूप झालं. मग कार्निव्हलच्या आठवड्यात, पाहुण्यांनी गाव ओसंडत असताना, तीन दिवस न थांबता बर्फ पडला, वर वारा, आणि शुक्रवारी बुर्गीने खड्ड्यातून बाहेर येऊन फावडं उचललं. खांब मनगटालाच गेला होता.

संध्याकाळी हॉलमध्ये गाव जमलं. हार्टविग उभा राहिला. मनात घोकून आला होता ते दिसत होतं, कारण त्याने टाय लावला होता.

"बुर्गी, दोनदा सूप झालं, दोन्ही वेळा छान होतं," तो म्हणाला. "पण उद्या माझे जुने पाहुणे निघणार नाहीत आणि नवे खाली दरीत गाडीत बसून राहणार. एका पलंगावर दोन आठवड्यांची माणसं झोपवू का?"

"झोपव," बुर्गी म्हणाली. "काहींचं जमेलही."

हॉल हसला. हार्टविगचे कान लाल झाले, आणि माणसाचे कान लाल झाले की तो नको ते बोलतो.

"तू घाबरट झालीयेस. वडिलांमुळे. सगळ्यांना माहितीये, तोंडावर कोणी बोलत नाही एवढंच. आता दुसऱ्या कोणीतरी ठरवायला हवं."

हसू जागच्या जागी थांबलं. पण मी बघत होतो, बऱ्याच माना हलल्या. बेकरीवाल्याची हलली, स्की शिकवणाऱ्यांची हलली. हात वर करायला सांगितले असते तर बुर्गीचं पद त्याच क्षणी गेलं असतं आणि सकाळी सगळा रस्ता त्या साखरेखाली उघडा पडला असता.

मग तिने एप्रनच्या खिशातून एक किल्ली काढली आणि टेबलावरून हार्टविगकडे सरकवली.

"घे. प्रमुख तू. खांब मनगटाला पडला हे मी सांगितलंय, पुढचं तुझं. एकच अट. उद्या फाटकापाशी तू स्वतः उभं राहायचंस. प्रत्येक गाडीची काच खाली करायला लावायची, आत कोण बसलंय ते नीट बघायचं, आणि मग हात करायचा."

"एवढंच?"

"एवढंच. बाबांनीही एवढंच केलं होतं."

मी माझ्या कोटाच्या खिशात हात घातला, तिथे जे होतं ते चाचपलं आणि तोंड बंद ठेवायचं ठरवलं. बायकोने घरी गेल्यावर विचारलं, तुला बरं नाही का?

शनिवारी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. गाड्यांची रांग चर्चपर्यंत गेली होती, टपांवर स्की बांधलेल्या, इंजिनं चालू. हार्टविग किल्ली मुठीत धरून फाटकापाशी आला. मी माझ्या गाडीत बसलो होतो आणि माझ्या पायरीवर बुर्गी विणकाम घेऊन बसली होती, शेजारी सॉसेज आणि पाव. आपला आता याच्याशी संबंध नाही असं तिच्या पाठीवर लिहिलेलं होतं.

हार्टविग पहिल्या गाडीपाशी गेला. काच खाली झाली. आत एक जोडपं, मागे एक चिमुरडी, तोंडभर चॉकलेट, तिने हार्टविगला ओळखलं आणि आपला अर्धा चघळलेला तुकडा त्याच्यापुढे केला. तो म्हणाला, थँक यू, आत्ता नको. मग त्याने वर आत्याबाईकडे बघितलं. तिच्यावर ऊन यायला लागलं होतं. तो दुसऱ्या गाडीकडे गेला. त्यात त्याच्या वडिलांच्या काळापासून दरवर्षी येणारे म्हातारा-म्हातारी होते, म्हातारी म्हणाली, पुढच्या वर्षी तीच खोली ठेव हं. त्याने परत वर बघितलं. तिसऱ्या गाडीपर्यंत तो गेलाच नाही.

"जरा थांबू या," तो मला म्हणाला. "अर्धा तास."

अर्ध्या तासाने आणखी अर्धा झाला. ऊन चढलं. लोक गाड्यांतून उतरून चौकशी करायला लागले, आणि हार्टविग त्यांना तेच सगळं सांगायला लागला जे बुर्गी त्याला दरवेळी सांगायची, वारा, ऊन, साखर, अगदी तिच्याच शब्दांत. मी पायरीकडे बघितलं. बुर्गीचे खांदे हलत होते, पण ती टाके मोजतेय असा तिने बहाणा केला. दुपारी हार्टविगने सगळ्यांना हॉटेलात परत नेलं आणि फुकट केक वाटला. जुने पाहुणे जेवणघरातल्या बाकांवर झोपले. नवे खाली दरीत कुठे झोपले ते मी विचारलं नाही.

रविवारीही तसंच. त्या दिवसांत बुर्गीच्या कोंबड्यांनी ओरडून गल्ली डोक्यावर घेतली होती. शेजारची ओटिली तक्रार घेऊन आली तेव्हा बुर्गी खुराड्याच्या जाळीतून आत दाणे ढकलत होती. ती म्हणाली, बर्फात कोंबड्या बाहेर सोडू नयेत, सध्या सगळ्यांनाच बंद ठेवायचे दिवस आहेत.

सोमवारपर्यंत कडाक्याची थंडी पडली आणि बर्फ दबून बसला. बुर्गी खड्ड्यातून येऊन म्हणाली, माझ्या मते आता उघडायला हरकत नाही. हार्टविगचा विश्वास बसेना. तो स्वतः तिच्याबरोबर वर गेला, मीही गेलो, कारण असं काही चुकवायचं नसतं. त्याने स्वतः खांब कापला, वेडावाकडा, आणि थापा मारायला लागला. मनगट, कोपर, खांदा. खांब उभा. त्याने पुन्हा सुरुवात केली. बुर्गी म्हणाली, बास की. तो म्हणाला, अजून एकदा. खांब तसाच राहिला आणि फावड्याचा दांडा मोडला.

"उद्या," हार्टविग म्हणाला. "उद्या बघू."

"अरे, मी सांगतेय ना, उघड म्हणून," बुर्गी म्हणाली.

"तुला काय जातंय सांगायला? किल्ली माझ्याकडे आहे."

हे ऐकून बुर्गी इतकी खूश झाली की परत येताना तिने त्याचं सामानही उचललं.

मंगळवारी सकाळी त्याने ठरवलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने फाटकापाशी येऊन खिशातून किल्ली काढली, पण कुलपाकडे हात जाईना. शेवटी ती माझ्यापुढे धरली. म्हणाला, रोमेड, तूच उघड. मी किल्ली घेतली, त्याच्याकडे पाठ केली, ती एका खिशात टाकली आणि दुसऱ्या खिशातून माझी किल्ली काढून कुलूप उघडलं. फाटकाच्या कुलपाला किल्ली एकच आहे आणि ती माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे कधीच नव्हती; प्रमुखाकडेही एक असते असं गावाला उगाच वाटतं. शुक्रवारी हॉलमध्ये मी खिशात तीच चाचपली होती.

हार्टविगने एकेक काच खाली करायला लावली, आत बघितलं आणि हात केला. शेवटची गाडी गेल्यावरही तो तिथेच उभा राहिला. सगळे दरीत पोहोचले असा खालून फोन आला तेव्हा कुठे तो हलला. आत्याबाई त्या दिवशी उतरली नाही, नंतरही नाही. त्या वर्षीचा तिचा सगळा बर्फ वसंतात पाणी होऊन शहाण्यासारखा नदीत गेला.

म्हणजे सूप आलं. रस्ता हार्टविगने बंद ठेवला होता, तेव्हा सूप हार्टविगचं. त्याने हॉटेलच्या आचाऱ्याला पुढे करायचा प्रयत्न केला, पण आचारीच म्हणाला, मालक, पद्धत म्हणजे पद्धत. जव खाली लागले आणि गाजरं कच्ची राहिली. गाव झाडून आलं. बेकरीवाल्याने विचारलं, हे सूप आहे की भिंतीला लावायचं? स्की शिकवणाऱ्यांनी विचारलं, याच्यावर मनगटातून मारायचं की खांद्यातून? ओटिलीने सरपंचांच्या कुत्र्यासाठीही थोडं मागितलं आणि कुत्र्याने वास घेऊन तोंड फिरवलं. हार्टविग मान खाली घालून पळी भरत होता. त्याची मान अंब्रोसकाकांसारखी झुकलेली मला दिसली आणि मी टोमणा न मारताच वाडगा घेऊन पुढे सरकलो.

मग बुर्गीची पाळी आली. घाबरट हा शब्द अजून कोणी विसरलं नव्हतं. तिने वाडगा पुढे केला, उभ्या उभ्याच एक घोट घेतला, लांब नाक वर करून विचार केला.

"मीठ कमी आहे, हार्टविग," ती म्हणाली. "आम्हा घाबरटांचं पहिल्यांदा असंच होतं. पुढच्या वेळी जमेल."

हार्टविग हसायला लागला आणि हसता हसता त्याने तोंडापुढे एप्रन धरला. बराच वेळ तो एप्रन खाली आला नाही. बुर्गीने पळी त्याच्या हातातून घेतली आणि रांगेतल्या उरलेल्यांना तीच वाढायला लागली. ते सूप वाईटच होतं, पण भिंतीवर सेराफिनचा सोडून एकही वाडगा उरला नाही.

किल्ली मी हार्टविगला आधीच परत दिली होती. हॉल रिकामा होत आला तेव्हा त्याने ती बुर्गीच्या हातावर ठेवली, दोन्ही हातांनी.

"प्रमुख तूच," तो म्हणाला. "आणि ही मला परत कधी देऊ नकोस."

"नाही देणार," बुर्गी म्हणाली. "माझंही फार अडलं होतं तिच्यावाचून."

मी तिच्याबरोबर घरापर्यंत गेलो. ती परसात शिरली आणि थेट खुराड्यापाशी गेली. तीच किल्ली कुलपात घातली, फिरवली, आणि दार उघडलं. कोंबड्या एकमेकींच्या अंगावरून बाहेर आल्या आणि संतापून आमच्याकडे बघत बर्फात उभ्या राहिल्या. मी इतका हसलो की मला कुंपणाला धरावं लागलं. मग मला वाटलं, विचारून टाकावं.

"त्याने शनिवारी कुलपात घालून बघितली असती तर?"

"तर कुलूप उघडलं नसतं. त्याने मला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. पण त्याने घालून बघितलीच नाही रे, रोमेड. तीन दिवस खिशात होती."

ती खाली वाकून दाणे टाकत होती. हसत नव्हती.

"बाबांच्या हातातही कोणीतरी खुराड्याची किल्ली द्यायला हवी होती," ती म्हणाली, आणि आत जाऊन अंडी वेचायला लागली.